सोळा गळे, सोळा सोमवार

वाटीभर साबुदाणा भिजत घालावा आणि सकाळी झाकण काढावं तर पातेलं भरलेलं असावं, तसं आमच्याकडं किश्श्यांचं होतं. रोज संध्याकाळी सोळा तरणी पोरंपोरी बैठकीत गायला येतात, मग किस्से वेगळे जमवावे लागतच नाहीत. आपोआप फुगतात! शेजारणी म्हणतात, "काकू, एकदा लिहून काढा." चातुर्मास संपला, पारायण झालं, हात जरा मोकळा झालाय. म्हणून बसले.

आधी ओळख करून देते. आमचे हे बीडच्या एका कॉलेजात संगीत शिकवतात. गल्लीतली लहानथोर माणसं त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही इथं सरच लिहिते. सरांनी कॉलेजातली सोळा मुलं निवडून एक छोटंसं वृंदगान उभं केलं. पेटी नाही, तबला नाही, माइक नाही. नुसते गळे! चौघांचा एक असे चार गट, प्रत्येक गटाची चाल वेगळी आणि चारी मिळून गाणं एक. कॉलेजची खोली पाचला बंद होते, म्हणून सराव आमच्या बैठकीत.

माझं गाण्याचं ज्ञान आरतीपुरतं. पण मला ते असं समजलंय: वरण, भात, तूप, लिंबू. चव प्रत्येकाची वेगळी, घास एकच.

आमच्या भिंतीला लागून रहीमचाचांची पिठाची गिरणी आहे. पहिला आठवडाभर त्यांनी दळण दळता दळता हे गाणं ऐकलं आणि एके दिवशी न राहवून दारात आले.

"भाभी, तबलेवाला रुसलाय का? आमच्या पोराला ढोलकी येती. पाठवू?"

सरांनी त्यांना बसवून नीट समजावलं, की वाद्यं मुद्दामच घेतलेली नाहीत. चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाले,

"म्हंजे बिनभांड्याचा स्वयंपाक! जमंल का सरांना?"

* * *

रेणुका आली ती सोळावा गळा कमी पडत होता म्हणून, हॉस्टेलच्या मैत्रिणीचा हात धरून. उमापूरच्या पुढं एका वस्तीवर तिचं घर. घरी मेंढरं आणि थोडी जिरायती जमीन. उंच, सावळी, डोळे खाली. सगळ्या पोरी ओळखीपुरतं दोन शब्द बोलल्या, ही नुसती मान हलवायची. गातानाही मागच्या रांगेत. तोंड हलायचं, पण आवाज काही यायचा नाही.

सर मला म्हणाले, "अगं, ही पोरगी गाते की पाणी पिते?"

चौथ्या का पाचव्या दिवशीची गोष्ट. मी मुलांना चहा देत होते. तेवढ्यात अंगणात शेळी शिरली आणि तिनं थेट माझ्या तुळशीला तोंड घातलं. मी नुसती "अगं बाई, अगं बाई" करत राहिले. हातात चहाचा ट्रे, करणार काय!

मागून एक हाक आली. काय सांगू! रिकाम्या रांजणातून यावी तशी, खोल, गोल, जाडजूड. शेळीनं तुळस सोडली, मान खाली घातली आणि शहाण्यासारखी फाटकातून बाहेर निघून गेली.

सर आतून पळत आले. "कोण? कोण होतं ते? कुणाचा आवाज हा?"

सगळ्यांनी बाळूकडं बोट दाखवलं. बाळू आमचा खालच्या पट्टीचा, मांजरसुंब्याच्या ढाबेवाल्याचा पोरगा, चांगला धिप्पाड. तो म्हणाला, "सर, देवाशपथ मी न्हाई. माज्या तोंडात बिस्कीट हाय."

रेणुकाचे डोळे पाण्यानं भरले. "मी वरडले, सर. चुकलं."

सर तिच्याजवळ गेले. मग म्हणाले,

"बाळा, हीच चूक रोज संध्याकाळी सहा वाजता करायची!"

* * *

तेव्हापासून रेणुका पोरांच्या शेजारी, बाळूच्या मागं उभी राहायला लागली. पोरीचा इतका खालचा सूर सरांनी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता म्हणे. मला सुरातलं कळत नाही, पण एवढं कळायचं, की ती गायला लागली की बैठक जरा मोठी वाटते.

एकदा चपात्या लाटू लागायला आली, तेव्हा म्हणाली, "काकू, आमच्या मेंढरांना माझा आवाज चालतो. मानसांनाच न्हाई चालत. पण सगळ्यांच्या मधी उभी राहिले ना, की माझा आवाज वेगळा असा ऐकूच येत न्हाई. लई बरं वाटतं."

आणि त्याच आठवड्यात तिची आई आली. सखुबाई. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, पिशवीत माझ्यासाठी शेंगा आणि मेंढीच्या लोकरीचं आसन. "देवाम्होरं बसायला व्हईल," म्हणाली. मी पाणी दिलं, तर पाणी तसंच ठेवून तिनं माझे दोन्ही हात धरले.

"बाई, तुमी लई उपास-तापास करता म्हनं. ह्या पोरीचा आवाज जरा बारीक व्हईल, आसं एखादं व्रत सांगा."

मी म्हटलं, "का हो? काय झालं?"

झालं असं होतं. एक स्थळ चालून आलं होतं. पोरगा चांगला, घर चांगलं. पोरानं रीतीनं फोन केला, तो नेमका रेणुकानं उचलला. ती म्हणाली, "हॅलो." आणि पलीकडून पोरगा अगदी अदबीनं म्हणाला,

"मामा, नमस्कार! जरा रेणुकाला देता का?"

मला हसू आवरेना. सखुबाई मात्र हसली नाही. "हसताव काय बाई! त्ये स्थळ गेलं. आता दुसरं बघायलोत. आन ही हितं गाऊन गाऊन आजून जाड व्हायलीय. व्रत सांगा, न्हाईतर मी उद्याच तिचं गानं बंद करते."

देवाच्या नावानं खोटं सांगायचं नाही हा माझा नेम. आणि पोरीचं गाणं बंद व्हावं हेही मनाला पटेना. मी देवघराकडं बघितलं. मग म्हटलं, "सखुबाई, सोळा सोमवार करा. संकल्प एवढाच सोडायचा, की देवा, माझ्या पोरीच्या आवाजाचं भलं कर. पण एक आहे. व्रत चालू असताना घरात जे चालू असेल ते मधेच मोडायचं नसतं. गाणंसुद्धा."

सखुबाईनं विचार केला. "भलं कर म्हंजे बारीकच कर की!"

मी देवघरातली वात सारखी केली. "बरं," ती म्हणाली. "सोळा सोमवार. तवर गाऊ द्या. पन सतरावा न्हाई."

त्याच सोमवारपासून मीही उपास धरला. तिच्या विरुद्ध नाही हो! आईच्या नवसाविरुद्ध नवस करण्याइतकी मी वाईट नाही. मी एवढंच मागितलं, की देवा, त्या माउलीला एकदा नीट ऐकू येऊ दे.

सर म्हणाले, "म्हणजे एकाच गळ्यासाठी वर दोन अर्ज?"

मी म्हटलं, "गळ्यासाठी एकच. माझा कानासाठी आहे."

* * *

युवक महोत्सव अंबाजोगाईला होता. विद्यापीठाखालची सगळी कॉलेजं येणार. जो वृंद पहिला येईल, तो विद्यापीठातर्फे पुढं गाणार. सर तयारीसाठी आदल्या दिवशीच गेले आणि सोळा मुलांना एसटीनं घेऊन जायची जबाबदारी माझ्यावर आली.

गळे जपायचे म्हणून मी मुलांना सांगितलं होतं, की स्टेजवर जाईपर्यंत सगळ्यांनी मौन पाळायचं. मुलं गुणाची, लगेच कबूल झाली. फक्त माझ्या लक्षात एक राहिलं नाही. तो सोमवार होता, आणि सोमवारी दुपारपर्यंत माझंही मौन असतं!

गाडीत कंडक्टर आला. "कुठं जायचं?"

सोळा जण त्याच्याकडं बघून गोड हसले. मीही हसले. त्यानं परत विचारलं. बाळूनं मोबाईलवर "अंबाजोगाई" लिहून दाखवलं आणि बोटं मोजून सतरा तिकिटं मागितली. कंडक्टरचा चेहरा एकदम मऊ झाला. तो ड्रायव्हरकडं गेला आणि म्हणाला, "गाडी जरा दमानं घे. मुकी लेकरं हायेत समदी. आन त्यांची बाईबी तसलीच."

बस हळहळली. लोकांनी उठून जागा दिल्या. एका म्हातारीनं आपली सीताफळाची पाटीच मुलींच्या मांडीवर ठेवली. नको म्हणायचं कसं? तोंड उघडता येईना! रेणुका ओढणीच्या बोळ्यात तोंड खुपसून अशी हसत होती, की डोळ्यांतून धारा. त्या दिवशी गाडीत कुणाचाच आवाज जाड नव्हता आणि कुणाचाच बारीक नव्हता.

मांजरसुंब्याला गाडी थांबली ती नेमकी बाळूच्या वडिलांच्या ढाब्यासमोर. वडील आनंदानं पुढं आले. "आलास का? च्या घे की!"

बाळू गप्प.

"काय बे? बोलत न्हाईस?"

बाळूनं हात जोडले. वडिलांचा चेहरा उतरला. "मोटारसायकल न्हाई म्हन्लं म्हनून बापाशी बोलनं सोडलंस व्हय?"

बाळूनं माझ्याकडं बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

"बरं बाबा, घिऊन दितो! दिवाळीला घिऊ! पन बोल!"

बाळूनं डोळे मिटून आभाळाकडं हात जोडले. देवाधर्माचं त्याला इतकं मनापासून करताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

कंडक्टर हे सगळं बघत होता. तो वडिलांना म्हणाला, "मालक, नका रागवू. जनमाचा मुकाय, त्याला काय कळतंय."

"मुका?" वडील ओरडले. "आवो, घरी ह्याचं तोंड बंद व्हत न्हाई!"

कंडक्टरनं एकदा बाळूकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, मग सीताफळं खाणाऱ्या पोरींकडं. गाडीत चढून त्यानं जोरात घंटी मारली.

"हाण बे गाडी! समदी बोलनारी हायेत ही!"

* * *

आता अंबाजोगाईच्या स्टेजवर काय झालं ते ऐका.

सरांनी जात्यावरच्या ओव्या चार आवाजांत बांधल्या होत्या. पडदा वर गेला. मुलं अर्धगोलात उभी राहिली. सरांनी हात वर केला, आणि कुणीच सुरू करेना!

मी पहिल्या रांगेत. पोरं एकमेकांकडं बघताहेत, सर पोरांकडं बघताहेत. आणि मला एकदम कळलं. रोज सहाला आमच्या बैठकीत सराव सुरू होतो, तेव्हा भिंतीपलीकडं रहीमचाचांची गिरणी चालू असते. तिची घुंऽऽ अशी घरघर. मुलं महिनोन्‌महिने तिच्यावरूनच सूर धरत होती. ना त्यांना ठाऊक, ना सरांना. आणि अंबाजोगाईत गिरणी आणायची कुठून!

परीक्षक घड्याळाकडं बघायला लागले. दुसऱ्या कॉलेजची पोरं मागून खुसफुसायला लागली.

तेवढ्यात, कुठून ते कळेना, पण ती घरघर सुरू झाली. घुंऽऽऽ. तीच पट्टी, तोच ठहराव. मला तर पिठाचा वास आला! बाळूचा चेहरा उजळला, पोरींनी श्वास घेतला आणि ओव्या अशा उठल्या, की माझ्या अंगावर काटा.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. आणि लगेच समोरच्या संघाच्या मॅडम उभ्या राहिल्या. "ऑब्जेक्शन! वाद्यांशिवायचा गट आहे हा. यांनी कुठंतरी तानपुऱ्याचं मशीन लपवलंय!"

परीक्षकांनाही शंका होतीच. त्यांनी विंगेत बघितलं, पडद्यामागं बघितलं, एकानं तर सतरंजी उचलून बघितली. शेवटी सरांना म्हणाले, "सर, मशीन दाखवा."

सर मागच्या रांगेत गेले. बाळूला बाजूला केलं. "रेणुका, बाळा, जरा चालू हो."

रेणुकानं मान खाली घातली आणि सूर लावला. परीक्षकबाई तिच्याजवळ गेल्या, कान पुढं केला, पाठीला हात लावून बघितला. मॅडम तर पार वाकून बघत होत्या, खाली काही आहे का.

आम्ही पहिले आलो! रहीमचाचांना निकाल कळवायला फोन केला आणि घडलेलं सगळं सांगितलं. चाचा खो खो हसले. मग म्हणाले,

"भाभी, गिरणीला हार घालू, का रेणुकाबेटीला?"

* * *

पहिले आल्यावर विद्यापीठाच्या मोठ्या समारंभात गायचं बोलावणं आलं. माझी पोरं विद्यापीठाचा बिल्ला छातीवर लावून उभी राहिली, तेव्हा मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत बसले. डोळे पुसायला रुमाल लागतो ना.

तिथं थंडगार खोली दिली होती, खाली गालिचा. मुलांना तिथं काही सुचेना. थोड्या वेळानं बघते तर सगळी गायब! शोधत गेले तर कॅन्टीनच्या मागं जनरेटरभोवती गोल करून उभी. बाळू कान लावून म्हणत होता, "सर, ह्याचा सूर आपल्या गिरणीपेक्षा जरा वर हाय. पन चालंल."

समारंभ झाल्यावर चहापानाला एका मोठ्या अधिकाऱ्यांच्या पत्नी माझ्याशेजारी आल्या. रेशमी साडी, बोलणं अगदी गोड. "किती सुंदर गातात ही मुलं! आणि तुम्ही काय करता यांच्यात?"

आता काय सांगू? खरं तेच सांगितलं. "मी खिचडी करते."

त्या हसल्या. "नाही, म्हणजे गाण्यात?"

बाळू मागं उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, गानं तिच्यावरच चालतंय!"

* * *

व्रताचे तेरा का चौदा सोमवार झाले असतील. सखुबाई फरक बघायला म्हणून बीडला आली. दोघींचाही उपास. मी साबुदाणा परतत होते, ती पाट्यावर शेंगदाणे कुटत होती. बैठकीत सराव चालू. त्या दिवशी गिरणी बंद होती, लाइट नव्हती ना.

कुटता कुटता सखुबाईचा हात थांबला.

"बाई, हे काय येतंय?"

"काय?"

"हे. खालून. फरशीतनं आल्यावानी." तिनं हातातला वरवंटा ठेवला आणि तळहात फरशीवर टेकवला. "बगा की. हाताला लागतंय."

मी म्हटलं, "गाण्याची जमीन म्हणतात सर त्याला. तिच्यावर बाकीचे उभे असतात."

सखुबाईनं डोळे मिटले. मग म्हणाली, "लई ग्वाड हाय. आईच्या पोटावर डोकं ठिवल्यावानी. कोन पोरगा हाय तो?"

उपासाच्या दिवशी खोटं कसं बोलू? आणि एरवी तरी कसं?

"पोरगा नाही, सखुबाई."

मी साबुदाण्याकडं बघितलं. मग तिनं वरवंटा उचलला आणि परत कुटायला लागली. कुटतच राहिली. गाणं संपलं तरी कुटत होती.

त्या दिवशी कुटाला तेल सुटलं होतं!

* * *

आणि हा शेवटचा. सोळाव्या सोमवारचा.

रेणुकाच्या गावच्या सरपंचांनी ठरवलं, की विद्यापीठात गाऊन आलेल्या पोरांचा आपल्याकडं सत्कार करायचा. उमापूरवरून पुढं कच्चा रस्ता, मग वस्ती. देवळापुढं मांडव घातलेला, सतरंज्या टाकलेल्या, लोक आजूबाजूच्या गावांतून आलेले. मेंढरं वाड्यात कोंडलेली, त्यांचं बें बें मधूनमधून चालूच. सरपंचांचं भाषण लांबलं, पण मला गोडच लागलं. ते म्हणत होते, "आपल्या वस्तीचा आवाज पार विद्यापीठात पोचला!"

आणि सखुबाई मला बाजूला घेऊन गेली. नवं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या, आणि चेहरा कसा ओढलेला.

"बाई, पाव्हनं आलेत."

"कुठले पाहुणे?"

तिनं नजरेनंच दाखवलं. दुसऱ्या रांगेत एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि मुलगा. नवीन स्थळ. सखुबाईनंच त्यांना आजचा दिवस दिला होता. "चार मानसांत बगून घ्या पोरीला म्हन्लं. घरी बसून बगायचं म्हन्लं की नाव इचारत्यात, गाव इचारत्यात, बोलावं लागतंय. हितं गर्दीत कोन बोलतंय? पोरगी दिसायला माजी नक्षत्र हाय. नुसती दिसू द्या."

"अहो, पण ती गाणार आहे ना आत्ता!"

सखुबाईनं मान खाली घातली. "तिला सांगितलंय. नुसतं तोंड हलव. आवाज काढू नगंस. एकवार हे जमू द्या बाई. सोळा सोमवार केल्यात मी."

तिचं लेकरू, तिचा उपास. सरांना सांगायला जावं, तर सरांनी हात वर केलेला. मागच्या रांगेत बाळूच्या मागून रेणुकानं माझ्याकडं बघितलं. मी तिला खूण केली नाही. कुठली करणार होते!

गाणं सुरू झालं.

आपण इतकी वर्षं स्वयंपाक करतो, पण कधीतरी मीठ घालायचं राहतं. दिसायला सगळं तेच असतं. तसं झालं. सूर सगळे जागेवर, पण गाणं जमिनीवर उभंच राहीना. बाळूची मान हळूहळू मागं वळायला लागली. पोरी वरच्या वर तरंगत होत्या. सरांच्या कपाळाला घाम. लोकांना काय, ते मन लावून ऐकत होते. पाहुण्यांच्या पत्नी रेणुका दिसते का म्हणून मान उंच करून बघत होत्या.

सखुबाई माझ्याशेजारी बसली होती. पहिली ओवी झाली. ती चुळबुळायला लागली.

"बाई, आज काय झालंय ह्यास्नी?"

"काही नाही," मी म्हटलं. "सोळाचे पंधरा झालेत."

दुसरी ओवी. तिनं सतरंजी जराशी मागं सारली आणि तळहात मातीवर टेकवला. तसाच ठेवला. मग दुसरा टेकवला. पाहुण्यांकडं बघितलं. परत मातीकडं. तिसऱ्या ओवीला पोरांनी श्वास घेतला, आणि सखुबाई उभी राहिली.

"थांबा! आवो सर, थांबा जरा!"

गाणं तटकन तुटलं. सरपंच दचकले. रेणुकाचे वडील पलीकडून दबक्या आवाजात म्हणाले, "आगं ए, येड लागलं का? पाव्हनं बसलेत! खाली बस!"

सखुबाईनं ऐकलंच नाही. माणसांतून वाट काढत ती थेट पोरांच्यात घुसली. बाळूला खांद्याला धरून बाजूला सारलं, "सरक रं दांडग्या." रेणुकाचा हात धरला, तिला ओढत रांगेतून पुढं आणलं आणि सगळ्यांच्या समोर, अगदी मधोमध उभं केलं. तिची ओढणी नीट केली. हनुवटी धरून मान वर केली.

मग वळली. सरांना म्हणाली, "हं. आता पयल्यापास्नं घ्या."

आणि चालत पाहुण्यांपाशी गेली, त्यांच्या पुढ्यात मांडी घालून बसली, आणि मागं न बघता म्हणाली,

"पाव्हनं, आसं जरा पुढं सरकून बसा!"